मिस व्हर्नेलच्या स्मरणार्थ

"स्पॉन्सर गाठणं आणि बास मासा गाठणं, एकच विद्या आहे आजी!" वायली हारगेटने सोमवारी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. "कुठे दडलाय ते ओळखायचं, तोंडापुढे आमिष नाचवायचं, आणि गिळलं की झटका! शनिवारपर्यंत माझ्या जर्सीवर मुंगीला बसायला जागा उरणार नाही बघ!"

"आत्ता तरी तिच्यावर केचपचा डाग आहे," आजी म्हणाली. "तोच पहिला स्पॉन्सर समज."

वायली सतरा वर्षांचा होता आणि अलाबामातल्या हॅचेट कोव्ह गावाचा होता. तिथली पोरं आधी गळ टाकायला शिकतात, मग चालायला. शनिवारी तळ्याच्या दुसऱ्या टोकाला मुलांच्या मासेमारी स्पर्धेची राज्याची अंतिम फेरी होती, आणि वायली तिच्यात पोचला होता. आजोबांच्या मागे राहिलेली होडी होती. अठराच्या आतल्या मुलासोबत होडी चालवायला मोठं माणूस लागतं, तर ती जागा आजीने भरली होती. आजी, म्हणजे गावाची मिस व्हर्नेल, चौऱ्याहत्तर वर्षांची, पण होडी अशी वळवायची की शेजारच्या होडीतले बाप्ये कवळी धरून बसायचे! सगळं जमून आलं होतं. फक्त होडी ओढणाऱ्या पिकअपचा गिअरबॉक्स गेल्या आठवड्यात 'खडाक' म्हणाला आणि कायमचा शांत झाला. स्पॉन्सर मिळाला नाही तर होडी अंगणात आणि वायली घरात!

पहिला गळ पडला डब स्टॅन्सिलच्या दुकानात. डब आमिषं विकायचा.

"पोरा, तुझ्या छातीवर माझं नाव लावून मला काय मिळणार?" डब म्हणाला. "गावात आमिषाचं दुकान एकच. लोक नाक मुठीत धरून माझ्याकडेच येतात!" त्याने वायलीला एक टोपी फुकट दिली. तिला उंदराने खाल्लेलं भोक होतं.

दुसरा गळ मिस इमोजीनच्या कॅफेत. इथे मामला जुना होता. तीस वर्षांपूर्वी चर्चच्या जेवणात आजीने मिस इमोजीनचं बनाना पुडिंग चाखलं होतं आणि म्हणाली होती, "वॉलपेपर चिकटवायला छान आहे." तेव्हापासून दोघी एकाच बाकावर बसायच्या, एकाच पुस्तकातून गायच्या, आणि एकमेकींच्या पुडिंगला हात लावायच्या नाहीत.

"तुझ्या आजीला सांग," मिस इमोजीन म्हणाली, "वॉलपेपरवाल्यांकडे जा म्हणावं स्पॉन्सर मागायला!"

बुधवारपर्यंत वायलीच्या गळाला एक भोकाची टोपी आणि दाताच्या डॉक्टरने दिलेला ब्रश एवढंच लागलं. शेवटी, ज्याच्याकडे कुणीही आपल्या पायांनी जात नाही, त्या मिस्टर बॅगवेलच्या दारात तो उभा राहिला.

मिस्टर बॅगवेलचं फ्युनरल होम होतं, म्हणजे गावातल्या मेलेल्यांची शेवटची व्यवस्था तोच बघायचा. उंच, हळू बोलणारा माणूस. समोरच्याशी बोलताना तो डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवायचा, आणि तो शवपेटीचं माप घेतोय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"जाहिरात मलाही हवीय, बेटा," तो म्हणाला. "पण माझ्या धंद्यात जाहिरात केली की लोकांना वाटतं मी घाई करतोय. जर्सी चालेल. सौम्य आहे."

"आणि होडी ओढायला गाडी?" वायलीने झटका दिला.

मिस्टर बॅगवेलने विचार केला. नवी शववाहिका आली होती. जुनीला मागे हूक होता, कारण दफनभूमीत खुर्च्या आणि तंबू न्यायचा ट्रेलर तिलाच जोडायचे. "घेऊन जा. पण माझ्या नावाची शान राखायची. हळू चालवायची, हॉर्न नाही, आणि आत मासे नाहीत. मी शनिवारी थेट माशांच्या वजनाच्या वेळी येईन. उद्यापासून आमचं फ्युनरलवाल्यांचं संमेलन आहे."

गुरुवारी दुपारी ती लांबलचक काळी गाडी आजीच्या पायरीला लागली. वायलीच्या हातात काळी जर्सी पडली. छातीवर सोनेरी अक्षरं: 'बॅगवेल — शेवटपर्यंत तुमच्या सोबत.' पोराच्या डोळ्यांत पाणीच आलं! मासेमारीच्या काठ्या गाडीत नीट राहाव्यात म्हणून त्याने त्या आजीच्या निळ्या गोधडीत गुंडाळल्या. लांबट, जड बोचकं झालं. एक टोक मिस्टर बॅगवेलने धरलं, एक वायलीने, आणि नाक ओढत ओढत त्याने ते मागच्या दारातून आत सरकवलं.

नेमकी त्याच क्षणी मिस इमोजीन समोरून मोटारीतून गेली!

मिस्टर बॅगवेल संमेलनाला रवाना झाला. आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती डोक्याला कलप लावून बाथरूममध्ये बसली होती. "अर्धा तास कुणाला आत सोडू नकोस," तिने बजावलं होतं. "माझे केस देवाने काळे ठेवलेत, असं गाव समजतं. समजू दे!"

अर्ध्या तासाच्या आत दारावर टकटक झाली. मिस इमोजीन! हातात चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचा वाफाळता ट्रे. हॅचेट कोव्हमध्ये माणूस गेलं की शेजारच्या ओव्हनला आधी कळतं.

"बाळा!" तिने ट्रेसकट त्याला मिठी मारली. "कधी झालं रे?"

"काय कधी झालं, मॅम?"

"अगं बाई, पोराला धक्का बसलाय!"

"नाही मॅम, आजी आत आहे. बाथरूममध्ये. तिच्या डोक्याला..." वायलीने जीभ चावली. कलपाचं गुपित फुटलं तर आजीने त्याला सोलून काढलं असतं. "तिला आत्ता कुणी भेटायचं नाहीये."

"अजून ती आत आहे असंच वाटतंय त्याला!" मिस इमोजीनने हुंदका दिला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिली रे ती निळी गोधडी!"

"पण ती अगदी ठीक आहे, मॅम!"

"आहेच राजा, आता ठीकच आहे. गुडघे नाहीत, बीपी नाही." ती खुर्चीत कोसळली. "मीच वाईट! तीस वर्षं भांडले. आता कबूल करते. पुडिंग तिचंच भारी होतं. माझं खरंच चिकट व्हायचं!"

बाथरूममध्ये काहीतरी धाडकन पडलं.

"मांजर," वायली म्हणाला.

ती गेल्यावर आजी बाहेर आली. कलपाचे काळे ओघळ कानांवरून वाहत होते आणि चेहऱ्यावर असा उजेड होता की बस! "ऐकलंस? शब्दन् शब्द ऐकलास ना?"

"आजी, त्यांना वाटतंय तू मेलीस!"

"मग? मी मेल्याशिवाय ती हे बोलणार होती का? एक दिवस मेलेली राहिले तर काय बिघडतं? अजून निम्मं चर्च यायचंय!"

आणि चर्च आलं! मसाला भरलेली अंडी, चिकन-भात, हॅम, फळं भरून भाजलेल्या तीन तऱ्हेच्या 'पाय'. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव, म्हणजे दुःख ओसरल्यावर भांडं बरोबर घरी पोचावं. आजी दाराआड बसून आपली स्तुती ऐकत होती आणि कुणी कमी रडलं तर नाक मुरडत होती.

संध्याकाळी डब आला. टोपी छातीशी धरून उभा राहिला. "पोरा, त्या दिवशी तुला नाही म्हणालो. जिवाला लागलंय. आता काय हवं ते माग!"

वायलीने खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं, देवाशपथ! पण सोमवारपासून घोटलेलं वाक्य तोंडात तयारच होतं, ते आधी बाहेर पडलं.

"स्पॉन्सर व्हाल?"

डब ढसाढसा रडला. "तिच्या स्मरणार्थ! सगळं गाव होईल!"

शुक्रवारी दुपारी होडीला पूर्वीचा रंग उरला नव्हता. डबचं दुकान, कॅफे, दाताचा डॉक्टर, झाडून सगळ्यांचे स्टिकर! आणि मधोमध, चर्चच्या सभासद-पुस्तकातल्या फोटोवरून काढलेली हातभर उंच आजी. पाठीला पंख लावलेले. खाली 'मिस व्हर्नेलच्या स्मरणार्थ.' हे स्टिकर डब गुडघ्यावर बसून, एकेक बुडबुडा बोटाने काढत, डोळे पुसत चिकटवत होता. वायली सांगायला गेला आणि ते बघून तसाच उभा राहिला. पंख लावलेल्या आजीकडे पाहताना त्याला एकदम जाणवलं की हे कधीतरी खरं होणार आहे. त्या रात्री त्याने चिकन-भात तीनदा वाढून घेतला, पण एकही घास गोड लागला नाही.

"आणि हो, उद्या होडी मीच चालवतो," डब जाताना म्हणाला होता. "तुला आता आहे कोण?"

"जॉर्जियाहून आत्या येतेय," वायली म्हणाला. एक खोटं झाकायला दुसरं!

"डब?" आजी घरात कडाडली. "माझ्या होडीत? त्याला स्वतःच्या दुकानाची गल्ली वळता येत नाही! मीच चालवणार. वजन झालं की सगळ्यांना सांगू. आधी सांगितलं तर हे लोक स्टिकर काढतील आणि तुला पाण्यात टाकतील."

शनिवारी पहाटे पुढे शववाहिका, मागे होडी अशी वरात निघाली. आमच्याकडे शववाहिका दिसली की समोरची गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, मग घाई कितीही असो. त्या दिवशी दूधवाला थांबला, मालट्रक थांबला, शेरीफचा माणूस तर उतरून उभा राहिला! आजी मोठी हॅट, काळा चष्मा आणि नाकापर्यंत रुमाल अशा थाटात स्टिअरिंगवर होती.

"एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता," ती म्हणाली.

पाण्यावर मात्र तिने थट्टा बाजूला ठेवली. बुडालेल्या झाडांचा एक कोपरा आजोबांनी तिला दाखवलेला होता. तिथे तिने होडी अशी अलगद नेऊन धरली की पाणी हललंसुद्धा नाही. दुपारपर्यंत होडीतल्या टाकीत पाच जाडजूड बास मासे होते. ते जिवंत ठेवून वजनाला न्यायचे. मेलेल्या माशाला दंड, आणि वजनानंतर सगळे पुन्हा पाण्यात.

वजनकाट्यापाशी अख्खं हॅचेट कोव्ह आलं होतं. पहिल्या रांगेत मिस इमोजीन, नखशिखान्त काळ्या कपड्यांत. बाजूला डब. मागे संमेलनाहून परतलेला मिस्टर बॅगवेल, आपलं नाव आज कसं झळकतंय ते बघायला. वायली मंचावर चढला, मागोमाग 'जॉर्जियाची आत्या.' माशांची पिशवी धरायला दुसरं कुणी नव्हतं.

"वायली हारगेट!" निवेदक गरजला. तो बाहेरगावचा होता, पण डबने त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. "हा मुलगा आज आपल्या लाडक्या आजीच्या स्मरणार्थ उतरलाय! मंडळी, एक मिनिट शांतता पाळू या."

सगळ्या टोप्या उतरल्या. माना खाली झाल्या. आणि आजीने...

आता काय सांगावं! आजी जुन्या वळणाची. शांतता पाळायची तर डोक्यावर हॅट ठेवायची नाही, चष्मा ठेवायचा नाही, तोंड झाकायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिने हॅट काढली, चष्मा काढला, रुमाल खाली ओढला, हात जोडले आणि अत्यंत भक्तिभावाने स्वतःसाठी प्रार्थना करू लागली.

मिस इमोजीन प्रार्थनेत नेहमी एक डोळा उघडा ठेवायची. तिने जी किंकाळी फोडली, ती तळ्यापलीकडे ऐकू गेली असेल!

निवेदकाला काहीच उमगेना. तो आपला नेहमीचा प्रश्न विचारून मोकळा झाला. "पाचही जिवंत?"

वायलीने आजीकडे पाहिलं.

"सहाही," आजी म्हणाली.

मग जे झालं त्याला वजनाचा समारंभ म्हणता येणार नाही. "दोन दिवस रडले मी!" मिस इमोजीन ओरडली. "माझा ट्रे कुठाय?" "घासून ठेवलाय! आणि पुडिंगचं बोललीस ते आठवतंय ना?" "दुःखात माणूस काहीही बोलतं!" डब होडीपाशी गेला आणि नखाने आपल्या दुकानाचा स्टिकर खरवडू लागला. वायली त्याच्या मागे गेला. "चुकलं माझं, डब. आजी जिवंत होती तेव्हाच सांगायला हवं होतं... म्हणजे, ती अजूनही आहे." डबने मान वळवली नाही, पण खरवडणं थांबवलं.

वायली चौथा आला. पहिले दहा राष्ट्रीय फेरीला जाणार होते, म्हणजे तो जाणार होता. पण कशात बसून?

एक माणूस तरी आपल्या बाजूचा आहे, या भरवशावर तो मिस्टर बॅगवेलकडे वळला. त्याला कुठे कुणी फसवलं होतं?

"बेटा," मिस्टर बॅगवेल हळूच म्हणाला, "सगळ्या गावाने पाहिलं की बाई माझ्या गाडीतून गेली. आणि आता सगळं गाव पाहतंय की ती हॅट घालून परत आली. माझ्या धंद्यात याला काय म्हणतात माहितेय? अर्धवट काम." त्याने हात पुढे केला. "किल्ली."

गाडी गेली. गर्दी पांगली. होडीशेजारी वायली बसला होता आणि आजी उभी होती. तेवढ्यात कॅफेची पांढरी व्हॅन मागे मागे येत होडीला लागली. मिस इमोजीन उतरली.

"राष्ट्रीय फेरीला होडी मी ओढीन," ती वायलीला म्हणाली, पण बघत होती आजीकडे. "जर्सीही माझी. एक तुला, एक होडी चालवणारीला. अट एकच. छातीवर काय लिहायचं ते मी ठरवणार."

आजीला ते काय असणार हे लगेच कळलं. तिने वायलीकडे पाहिलं. पोराने मान खाली घातली होती, तो तिला काही मागणार नव्हता. "एक्स्ट्रा लार्ज," ती म्हणाली. "मला दंडात घट्ट होतं."

जर्सी महिन्याने आल्या. पिवळ्याधमक, केळ्याच्या रंगाच्या. छातीवर वीतभर अक्षरं: 'इमोजीनचं बनाना पुडिंग — परगण्यात पहिलं!' आजीने ती अंगात घातली, आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"वायली," ती म्हणाली, "त्यापेक्षा मेले असते तर परवडलं असतं रे."