हप्तो वाढतलो!

आबा पेंडुरकर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी भिंत चाटायचे.

हो, चाटायचे! जिभेनं! मी थापा मारत नाही. आमचं बिऱ्हाड मालवणात आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक उंच, काटकुळे गृहस्थ दारात उभे राहिले. अंगात पांढरा शर्ट, काखेत छत्री. चपला काढल्या, "नमस्कार बाईनू" म्हणाले, आणि मी "या, बसा" म्हणायच्या आत पडवीच्या भिंतीला जीभ लावून मोकळे! मी कोल्हापूरची, शाळेतल्या नोकरीसाठी इथं आलेली. आमच्याकडे पाहुणा आला तर त्याला चहा विचारतात, भिंत चाटू देत नाहीत. मी हातातलं लाटणं घट्ट धरलं. आबांनी डोळे मिटून चव घेतली, आणि एकदम आनंदानं ओरडले, "खारट! बाईनू, खारट! गिलाव्यात समुद्राची रेती मारलेली आसा. खिडकेचे गज खाऊन टाकतली ती! हप्तो वाढतलो!"

कसला हप्ता, कुणाचा हप्ता, मला काही म्हणजे काही कळेना. तेवढ्यात शेजारच्या जनाकाकू कुंपणापलीकडून ओरडल्या, "भिया नको गो बाई! तो विम्याचो माणूस. चावणा नाय, चाटता फक्त!"

तर आबा घराच्या विम्याचे एजंट होते. माणसाचा विमा लोकांना ठाऊक होता. पण घराचा? आपलं घर जळेल, पडेल, वाहून जाईल असं तोंडानं बोलायचं, वर त्यासाठी दर वर्षी पैसे भरायचे? शिव शिव! लोक आबांना लांबून बघूनच दार लोटून घ्यायचे. पण आबांचा उत्साह असा की लोटलेल्या दाराचीसुद्धा तपासणी करायचे. "लाकूड सुकलेला आसा. लगेच पेट घेतला," असं बाहेरून सांगायचे.

एकदा बाजारातल्या एका व्यापाऱ्याची वास्तुशांत होती. पंगत बसलेली, वाढपी वडे घेऊन फिरतायत, आणि आबांची मान वर. म्हटलं, हे जेवत का नाहीत? तर म्हणाले, "बाईनू, ती वायर बघा, उघडी आसा. ठिणगी पडली तर पयली देवखोली, मगे माळो, मगे हय आपण जेवतंव ता!" यजमान समोर तुपाचं भांडं घेऊन उभे. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आबांना त्यांनी पंगतीतून उठवलं नाही एवढंच, तूप मात्र वाढलं नाही. आठवड्याच्या आत त्यांनी गुपचूप वायरमन बोलावला, हेही सांगायला हवं.

हप्ता कशानं वाढतो आणि कशानं उतरतो, हे आबांना विचारायची सोयच नव्हती. विचारलंत की गेलात! माडाच्या झापांचं छप्पर? वाढतलो. मंगलोरी कौलं? जरा उतरतलो. घर समुद्रापासून किती लांब, जोत्याचा चिरा किती उंच, माड छपराकडे वाकलाय की समुद्राकडे, चुलीशेजारी नारळाची सोडणं रचलीयत का, आधी कधी भरपाई मागितली होती का. रत्नागिरीतून आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जो तो नव्या जिल्ह्यात कुठली ऑफिसं येणार याच्या गप्पा मारत होता. आबांचा प्रश्न एकच: "आगीचो बंब खंय ठेवतले? बंब जितको लांब, तितको हप्तो वर!"

किराणा दुकानवाल्या बापू शिरोडकरांनी विमा काढायचं ठरवलं तेव्हा तर नुसती धमाल. बापूंनी घराच्या किमतीत जमीन धरली, विहीर धरली, मागची माडांची बाग धरली, आणि आजोबांना गावात किती मान होता तेही सांगू लागले. आबा पडवीत नाचायचेच बाकी होते. "जमीन जळता काय रे? बावडी जळता? आजो तर जळान गेलो केव्हाच! घर परत बांधूक किती लागतला, तितकोच आकडो सांग!" मग बापूंचा व्यापारी स्वभाव जागा झाला. म्हणाले, "बरा तर, अर्धीच किंमत लिही, हप्तो कमी बसात." त्यावर आबा हात जोडून म्हणाले, "अर्ध्याचो विमो काढलंस तर आगीक काय सांगतलंस बापू? बाय माझे, पडवीपर्यंतच ये, माजघरात येव नको?" आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. बापूंनी पूर्ण किंमत लिहिली.

विमा कंपनीच्या कणकवलीच्या ऑफिसात गेले की आबांचं रूपच पालटायचं. तिथं एकदम शुद्ध मराठी! मी एकदा बदलीच्या कामाला त्याच एसटीनं गेले होते, तर कसालपर्यंत ते मला मालवणीत माड, कौलं आणि वाळवी समजावत होते, आणि ऑफिसाच्या पायरीवर पाय ठेवताच म्हणाले, "सदर घराच्या संदर्भात साहेबांशी चर्चा करावयाची आहे." मी वळून पाहिलं, दुसराच कुणी माणूस आला की काय!

आता त्यांच्या स्वतःच्या घराची गंमत ऐका. एका वर्षी असं वादळ आलं की आबांच्या पडवीची कौलं उडून शेजारच्या वाडीत पडली. विमा होताच. पाहणीला कंपनीचे साहेब आले. भला माणूस होता, म्हणाला, "वादळाचंच नुकसान आहे, मंजूर करू." आम्ही शेजारीपाजारी खूश. तर आबा काय म्हणाले? "थांबा साहेब. सदर कौले दोन पावसाळे उतरवून परतलेली नव्हती. सदर वासा वाळवीने आधीच खाल्लेला होता. वादळाने फक्त धक्का दिला."

साहेब बघतच राहिले. "अहो, घर तुमचंच आहे ना?"

"घर माझे आहे. पण धोका खरा सांगितला पाहिजे."

जनाकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "मेल्या, कंपनी तुझी मावशी काय रे?" पण आबा हटले नाहीत. भरपाई अर्ध्यावर आली आणि आबा मात्र वाघ मारल्याच्या थाटात छाती काढून फिरत होते. माझं तर डोकंच फिरलं होतं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

जनाकाकूंशी त्यांचं रोजचं भांडण. जनाकाकू विधवा, घरात एकट्या. मुलगा विश्वास डोंबिवलीला. आबांची बायकोही फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. रोज सकाळी आबा जनाकाकूंच्या मागीलदारी हजर. जनाकाकू चुलीच्या शेजारी माडाची सुकी चुडतां रचून ठेवायच्या, आबा ती उचलून अंगणात टाकायचे, आबांची पाठ फिरली की जनाकाकू परत आत आणायच्या.

"जने, आग लागात गो!"

"लागांदे! तुझ्या तोंडाक लागांदे पयली! बस, पेज थंड होता."

हे असं. शिव्या देत देत वाढायचं आणि शिव्या खात खात जेवायचं. मी भांडी घासताना ऐकायची आणि एकटीच हसायची.

मग एका मे महिन्यात विश्वास आला तो आईला कायमची न्यायचं ठरवूनच. नवा ब्लॉक घेतला होता, आईला स्वतंत्र खोली होती. घराला कुलूप लावायचं. जनाकाकू हो म्हणेनात, नाही म्हणेनात. आबा मात्र सकाळीच माझ्या दारात उभे. "बाईनू, चला! बंद घर म्हणजे काय, ता त्या झिलाक कोणीतरी सांगूक व्हया! तुमी मास्तरीण आसात, तुमचा ऐकतलो!"

मी गेले. मलासुद्धा जनाकाकू जायला नकोच होत्या, खोटं कशाला बोलू? विश्वास ओटीवर खुर्चीत, जनाकाकू माजघराच्या उंबऱ्यात तांदूळ पाखडतायत, आणि मधे आबा, उभे! काय बोलले त्या दिवशी! मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं. "चूल बंद झाली म्हणजे धूर बंद. धूर बंद म्हणजे वाश्यांका वाळवी! कौला कोण परततलो? उंदीर, वटवाघळां, साप! चोराक तर आमंत्रणच! आणि महिनाभर घर रिकामा ऱ्हवला काय कंपनी हात वर करता! हप्तो भरून फुकट!" हात हवेत, शर्टाचं एक बटण तुटून खाली पडलं तरी लक्ष नाही. मी मधे मधे "खरंच हं विश्वास" म्हणत होते. मला वाटलं, जिंकलो आम्ही!

विश्वासनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कंपनीला आधी कळवून परवानगी नाही घेता येत?"

आबा थबकले. "घेवक येता."

"हप्ता वाढला तर मी भरीन. महिन्यातून एकदा घर झाडायला माणूस लावीन. मग?"

"पण छपरार वाकलेलो तो माड..."

"माड तोडू, आबा." विश्वास उठून त्यांच्याजवळ आला. मुलगा वाईट नव्हता हो. आवाजही चढवला नाही. "घराचं राहू द्या. तुम्ही सगळ्या गावाला धोका सांगता. मला एकच सांगा. आई इथं एकटी राहिली तर धोका किती?"

सूप थांबलं. मी आबांकडे बघत होते आणि मनातल्या मनात ओरडत होते, सांगा ना, काही नाही म्हणा! एवढं तर बोलायचं होतं. विश्वासचा त्यांच्यावर विश्वास होता, तो गुपचूप बॅग उचलून एकटा गेला असता. आबांनी जनाकाकूंकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं.

"गेल्या पावसात ती मागीलदारी पडली," ते शेवटी म्हणाले. इतक्या हळू की विश्वासला पुढे झुकावं लागलं. "शेवाळार पाय निसारलो. केव्हाची पडलेली, देवाक म्हायती. सकाळी मी इलंय तेव्हा गावली. थंडगार."

"आबा!" जनाकाकू ओरडल्या. "शपथ घातलेली मा रे मी तुका!"

"घातलेलंस. पण झिलान धोको इचारल्यान, जने."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी शेजारीच राहत होते आणि मला माहीत नव्हतं! विश्वासचा चेहरा पांढरा पडला. जनाकाकूंनी पदर तोंडाला लावला.

"घेवन जा रे तिका," आबा म्हणाले. "आणि ऐक. तिका सकाळी चाय दिव नको, पेज दी. न्हाणयेत शेवाळ धरूक दिव नको. तिन्हीसांजेक दिवो लवकर लाव. ती सांगूची नाय, पण काळोखाक भिता." एवढं बोलून त्यांनी छत्री उचलली आणि खाली मान घालून निघाले. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

जनाकाकू गेल्या. निघताना आबांशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण एसटीच्या खिडकीतून वळून वळून बघत होत्या. स्टँडवरून परत येताना आबा माझ्याबरोबर चालत होते. वाटेतल्या एकाही घराकडे त्यांनी मान वर करून बघितलं नाही. मला राहवेना.

"आबा, काही नाही म्हणाला असतात तर राहिल्या असत्या ना हो."

"ऱ्हवली असती."

"आणि एकटं राहायचं म्हणाल, तर तुम्हीपण एकटेच राहता की!"

"म्हणानच तर माका ह्यो धोको म्हायती, बाईनू," आबा म्हणाले. मग जरा चालून गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "ती पडली तेव्हा सकाळी येवक मी तरी होतंय."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्या अंगणात गेले. दार बंद होतं. "आबा!" मी हाक मारली. उत्तर नाही. मी पायरी चढून दारावर थाप मारली. "आबा, उठलात ना?"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, मग खोकला, आणि मग, "उठलंय गो, उठलंय!"

तेवढं ऐकलं आणि मी शाळेला गेले.