बाबांना कळता कामा नये

आईवडिलांवर प्रेम असणे पुरेसे नसते. ते बरेच दिवस त्यांच्यापासून लपवून साठवावे लागते आणि ठरल्या क्षणी, टाळ्यांच्या गजरात, एकदम त्यांच्या अंगावर सोडावे लागते. रोज थोडे थोडे दिलेले प्रेम कुणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

याच तत्त्वावर एका कुटुंबाने वडिलांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाची मोहीम हाती घेतली. वडील, म्हणजे बाबा, पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्त करून निवृत्त झालेले. बायको जाऊन दीड वर्ष झाले होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. मोहिमेसाठी समिती नेमली गेली. थोरला मुलगा अध्यक्ष (कारण गाडी त्याची), सूनबाईंकडे केक व सजावट, मुलीकडे गुप्तता. शुक्रवारी निघायचे, डोंगरावरच्या एका हॉटेलात दोन रात्री काढायच्या, रविवारी परत यायचे. बाबांना शेवटपर्यंत काही कळता कामा नये, हे पहिले कलम. दुसरे कलम नव्हते.

समितीने फोनवर जो गट काढला त्यात महिनाभरात चारशेच्या वर निरोप पडले. त्यातले निम्मे केकबद्दल होते आणि उरलेले बहुतेक फुग्यांच्या रंगाबद्दल. बाबांना काय आवडते याबद्दल दोन. एक तोच प्रश्न, आणि दुसरा त्याचे उत्तर: 'माहीत नाही, आईला माहीत असायचं.' (यावर कुणीतरी रडका चेहरा पाठवला आणि विषय पुन्हा केककडे वळला.)

गुपित राखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे माणसाशी बोलणेच बंद करणे. मुलीने तो काटेकोरपणे अंमलात आणला. तिचा दर रविवारचा फोन पूर्वी चहा गार होईपर्यंत चालायचा, तो आता "सगळं बरं ना? मग ठेवते" इथे संपू लागला. थोरल्याच्या चेहऱ्यावर सगळे दिसते, म्हणून त्याला येण्याचीच बंदी झाली. सूनबाई येत, पण सरळ कपाटाकडे जात आणि बाबा खोलीत आले की कपाट किती छान आहे असे म्हणत.

बाबांच्या धंद्यात एक साधी परीक्षा असते. घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटरसमोर बसून राहायचे. तरीही काटा हलला, तर कुठेतरी पाणी जाते आहे. आता घरातल्या सगळ्यांची तोंडे बंद झाली, तेव्हा बाबा सवयीने काट्याकडे बघत बसले. काटा चांगलाच हलत होता.

ओळखपत्र 'जरा फोटो काढायला' म्हणून नेले गेले. गुडघा कसा आहे, किती पायऱ्या चढवतात, रात्री उठावे लागते का, खोलीत दुसरे कुणी असले तर चालेल का, अशी चौकशी झाली. कपाटातून एक सदरा गेला आणि अल्बममधून एक फोटो. सूनबाई एकदा जिन्यात उभ्या राहून फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "खालच्या मजल्यावरचीच खोली द्या. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे ना? नाही नाही, त्यांचा काही त्रास नाही. अगदी शांत आहेत."

बाबा खाली उतरले. तळमजल्यावर टेलरमास्तरांचे दुकान होते आणि तीस वर्षांची उठबस.

"मास्तर, ओळखपत्र नेलं. गुडघ्याची चौकशी झाली. सदराही नेला, मापाला असेल."

"मापाला?" मास्तरांनी मशीन थांबवले. "माझ्याकडे नाही आला तो." हे त्यांना आधी लागले. मग ते सावरून म्हणाले, "तिथे सगळ्यांना एकसारखे कपडे देतात म्हणे."

"तिथे म्हणजे कुठे?"

"आता माझ्याच तोंडून वदवून घेता का? माझ्या मेहुण्याला हवापालट म्हणून नेलं होतं. तीन वर्षं झाली, अजून हवा पालटतेच आहे."

"पोरं वाईट नाहीत हो माझी."

"वाईट कुणाचीच नसतात. सरळ विचारा की."

"विचारलं तर त्यांना खोटं बोलावं लागेल," बाबा म्हणाले. "उगाच कशाला."

इथे समितीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला वाढदिवसाला बाहेर नेण्याची आणि वृद्धाश्रमात ठेवण्याची पूर्वतयारी एकच असते. कागदपत्रे तीच, दबक्या आवाजातले फोन तेच, दांड्याची चौकशी तीच, आणि ऐन वेळेचा गोडवाही तोच. फरक काय तो फुग्यांचा, आणि हल्ली चांगल्या वृद्धाश्रमांत फुगेही असतात. तेव्हा बाबांच्या तर्कात चूक काढायला जागा नव्हती.

बाबांना परक्या जेवणाची किंवा परक्या माणसांची धास्ती नव्हती. अडचण एवढीच होती की बायको गेली ती या दोन खोल्यांतून पुरती गेली नव्हती. खिडकीची कडी तिच्या पद्धतीने उचलून दाबली तरच लागायची. स्वयंपाकघराच्या दाराला ती ओल्या हाताने टेकायची, तिथे रंग उडाला होता. वरच्या फळीला हात पुरावा म्हणून ती ज्यावर चढायची ते लाकडी स्टूल होते. यातले काय काय नेता येईल, याचा बाबांनी शांतपणे विचार केला. कडी आणि डाग नेता येत नव्हते.

गुरुवारी मुलीचा फोन आला. "बाबा, उद्या दुपारी तयार राहा. दोन दिवसांचे कपडे घ्या. कुठे जायचं ते मात्र विचारायचं नाही हं."

"नाही विचारत."

"शहाणे माझे बाबा."

मुलीने गटावर कळवले की बाबांना काडीचाही संशय नाही. अध्यक्षांनी अंगठा दाखवून संमती दिली.

शुक्रवारी थोरला वर आला तेव्हा दाराशी दोन मोठ्या बॅगा, एक वळकटी आणि स्टूल होते. बाबांनी कुंड्या आणि किल्ली मास्तरांकडे दिली होती, पाण्याचा मुख्य कॉक बंद केला होता आणि दूधवाल्याला कायमचे नको म्हणून सांगितले होते.

"बाबा, दोन दिवसांचे कपडे म्हटलं होतं."

"हो रे. तसंच म्हणतात."

थोरल्याने घड्याळ पाहिले. उशीर होत होता, म्हणून या वाक्याचा अर्थ काढण्याचे काम पुढे ढकलले गेले. (ते अद्याप प्रलंबित आहे.) सूनबाई हसून म्हणाल्या, "बाबा, तिथे खुर्च्या असतात." बाबा म्हणाले, "असू दे. पाय ठेवायला होईल." स्टूल डिकीत गेले आणि केकची पेटी सूनबाईंच्या मांडीवर आली. वाटेत त्यांनी ती चार वेळा सरळ केली. बाबांना केक दिसू नये म्हणून त्यांना पुढे बसवले होते आणि मागे वळून बघू नका असे बजावले होते. बाबांनी एकदाही मागे पाहिले नाही.

हॉटेलच्या दिवाणखान्यात अंधार होता. दिवे लागले, तीस माणसे एकदम ओरडली, आणि बाबांना दिसले की मास्तर बरोबर होते. सगळ्यांच्या अंगात एकसारखे कपडे होते. प्रत्येकाच्या छातीवर चाळिशीतले बाबा छापलेले. मूळ फोटो नवराबायकोचा. पण दोन दिवस आईचा विषय काढायचा नाही, नाहीतर मूड जातो, असा समितीचा ठराव असल्यामुळे तिला कापले होते. खांद्यावरचा तिचा हात मात्र कापता आला नव्हता. चार बोटे आणि एक अंगठी तीसही जणांच्या छातीवर राहून गेली होती. पोट सुटलेल्यांवर ती जरा पसरली होती. बाबा एकेकाला भेटत होते आणि प्रत्येकाच्या छातीकडे अंमळ जास्त वेळ बघत होते. म्हातारा भारावला, असे सर्वांना वाटले.

बाबांना वेगळेच वाटत होते. आपल्याला पोचवायला एवढी माणसे येतील अशी त्यांची कल्पना नव्हती. केक कापून झाल्यावर चार शब्द बोलायचा आग्रह झाला, तेव्हा ते उभे राहिले.

"माझी काही तक्रार नाही. पोरांनी त्यांच्या परीने खूप केलं. जागा स्वच्छ आहे. अधूनमधून येत जा."

बायका डोळे पुसू लागल्या, पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. 'अधूनमधून येत जा' हे बाबांच्या मिश्किल स्वभावाचे उदाहरण म्हणून चित्रफितीत तीनदा दाखवले आहे. त्यानंतर बाबांनी व्यवस्थापकाला बाजूला घेऊन जेवणाच्या वेळा विचारल्या, आणि रात्री दिवा किती वाजेपर्यंत चालतो तेही.

"तुम्हाला हवा तोवर, सर."

शिस्त फार कडक नाही, हे ऐकून त्यांना बरे वाटले.

शनिवारी सर्वांनी डोंगर पाहिला. रविवारी जेवण झाल्यावर समिती बाबांच्या खोलीत आली. कपाटात स्वेटरसकट सगळे कपडे घड्या करून लावले होते. औषधे खिडकीत ओळीने मांडली होती. बायकोचा फोटो उशाशी होता. बाबा स्टुलावर पाय ठेवून बाहेर बघत बसले होते.

"हे काय बाबा, सगळं लावून टाकलंत?" मुलगी म्हणाली. "चला, आवरा. निघायचंय."

"मी पण?"

मुलगी पलंगावर बसली. मग अध्यक्ष या नात्याने थोरला हसला. "म्हणजे काय बाबा? तुम्हाला काय इथे ठेवून जाणार होतो आम्ही?"

"हो," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. आज वार कोणता असे कुणी विचारावे आणि आपण सांगावे, तसे ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर बाबांचा डोळा लागल्याचे पाहून गाडीतच समितीची आढावा बैठक झाली. केक जरा कोरडा निघाला. मुलगी मध्येच म्हणाली, "दादा, ते काहीही न विचारता आले रे." त्यावर थोरला म्हणाला की हेच तर सगळ्यांत उत्तम जमले, बाबांना शेवटपर्यंत कळले नाही. मुलगी खिडकीतून बाहेर बघू लागली, आणि तिचे मौन संमती म्हणून नोंदवण्यात आले. हल्ली घरात चार माणसे जमली की 'मी पण?'चा किस्सा निघतो. थोरला तो फार छान सांगतो.

तुम्हालाही तो आवडला असेल. तुमच्याकडे असे होणार नाही हे उघड आहे, कारण तुमच्या घरातल्या माणसांना तुमच्याबद्दल खात्री आहे. तरी मनात आलेच, तर ताडून बघणे अवघड नाही. आज फोन लावा आणि एवढेच म्हणा: दोन दिवसांचे कपडे भरून ठेवा, उद्या न्यायला येतो. पलीकडून "कुठे?" असे आले, जरा चिडून आले, तर तुमचे गुपित फुटण्याच्या मार्गावर आहे. नुसते "बरं" म्हणून फोन ठेवला गेला, तर अभिनंदन. खुशाल केक सांगा. त्यांना काहीही कळलेले नाही.