एकशे त्रेपन्नावं नाव

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वडिवळ्याच्या खालच्या आळीत भिकाजी आबांच्या मोबाइलवर मेसेज आला. ‘नमस्कार भिकाजी, आपले आगमन निश्चित झाले आहे. रविवार, २८ तारीख. भोजनाची सोय आहे. – शिवार मुक्काम, कार्ले.’ पुढच्या सात मिनिटांत तोच मेसेज आणखी तीनदा आला. मग फोन गप्प झाला.

आबांची सून समीक्षा हिनं तो वाचून दाखवला.

“नुसतं भिकाजी म्हनतंय. कोन हाय ह्यो?”

“मशीन असतंय आबा.”

“मशीनला वय कळत न्हाई व्हय?”

अठ्ठावीस तारखेला आबांचे चुलत भाऊ महिपती यांच्या पप्पूचं लग्न होतं. पत्रिका अजून छापायलाच गेल्या होत्या. तेव्हा हे त्याच लग्नाचं बोलावणं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. दुमत झालं ते पावणेबाराला. वरच्या आळीतला गोरख दुकानावर सहज बोलून गेला, की त्याला मेसेज पाच आले. चौकशी झाली. महिपती राहतात त्या वरच्या आळीत घरोघरी पाच. खालच्या आळीत घरोघरी चार.

हे सगळं पप्पूच्या बहिणीच्या, प्रेरणाच्या हातून झालं होतं. ती तळेगावात एका छोट्या कंपनीत नोकरीला आहे. नवी वेबसाइट लोकांसाठी खुली होण्याआधी तिच्यावर खोटी गर्दी सोडायची आणि ती कोलमडते का पाहायचं, हे तिचं काम. कार्ल्याच्या ‘शिवार मुक्काम’ या पर्यटक निवासाची साइट तपासायची होती. दहा मिनिटांत हजार नोंदण्या. गर्दीतल्या माणसांची नावं, मोबाइल नंबर आणि तारीख एका फाइलमध्ये ठेवायची. प्रोग्रॅम एकेक ओळ उचलतो, यादी संपली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो आणि हजार भरले की थांबतो.

सोमवारी तिनं ‘पाहुणा १’, ‘पाहुणा २’ अशी नावं केली होती. नावात आकडा चालत नाही, असं सांगून साइटनं ती परत केली. तिचे साहेब निलेश म्हणाले, “खरा वाटेल असा डेटा घे.”

प्रेरणाकडे पप्पूच्या लग्नाची यादी टाइप केलेली होती. नाव, मोबाइल, लग्नाची तारीख. दोनशे बारा ओळी. मंगळवारी तिनं तीच लावली. ती खरी वाटत होती, कारण खरी होती. तपासणी साइटच्या सरावाच्या प्रतीवर होती आणि सरावाच्या प्रतीवरून मेसेज जात नाहीत, असं कंपनीत सगळे धरून चालले होते. मेसेज पाठवायचं बटण खरंच बंद आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

साइट एकदाही अडखळली नाही. निलेशनं अभिनंदन केलं. बारा वाजता महिपतींचा फोन आला.

“प्रेरणा, वरच्या आळीला पाच, खालच्या आळीला चार. ही वाटनी कुनी केली?”

तिनं आकडे मांडले. दोनशे बारा चोक आठशे अठ्ठेचाळीस. हजाराला उरले एकशे बावन्न. महिपतींनी यादी वरच्या आळीपासून लिहिली होती आणि वरच्या आळीची नावं बरोबर एकशे बावन्न होती. एकशे त्रेपन्नावं नाव भिकाजी आबांचं.

संध्याकाळी प्रेरणा वडिलांबरोबर आबांच्या ओट्यावर गेली. आबांनी चहा सांगितला, पण स्वतः घेतला नाही.

“आमची साठ घरं लग्नाला येनार न्हाईत.”

“आबा, असं काय करता? वाढायला खालची आळीच लागते,” महिपती म्हणाले.

“वरच्यांना वाढू दे. पाच-पाच मेसेज आल्यात त्यांना.”

“त्यांला भात वाढाय जमतोय व्हय? पंगत उठायच्या टायमाला आमटी आनत्यात.”

आबांना हे पटलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

“आबा, जेवण कार्ल्याला नाहीच. ते मेसेजच चुकून गेलेत,” प्रेरणा म्हणाली.

“जेवान कुटं हाय, ते मी इचारतच न्हाई. कितीदा बोलावलं, ते इचारतोय.”

“यादी गोल फिरते, आबा. पाचव्या फेरीत तुमच्या नावापाशी आली आणि हजार पुरे झाले.”

“आमच्याच दारात पुरे झाले. जत्रंचा परसाद बी आमच्याच दारात येऊन संपतोय.”

शेवटी समीक्षानंच तोडगा काढला. “प्रेरणाताई, पाचवा पाठवून टाका की.” आबा म्हणाले, आला तर बघू.

बुधवारी प्रेरणानं निलेशकडे परवानगी मागितली.

“हजारांना साइट टिकली ना? आता साठ कशाला?”

“सर, ते हजार साधे होते. हे रुसलेत.” आणि तिनं सगळं सांगितलं.

निलेश मूळचे तळेगावचेच. “आमच्याकडे टोपीच्या आहेरावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. उद्या पाठव. बटण मी नंतर बंद करतो.”

गुरुवारी प्रेरणानं नवी फाइल केली. ओळ एकशे त्रेपन्न ते दोनशे बारा, प्रत्येकी एकदा, यादी संपली की थांबायचं. नावं तिनं दोनदा मोजली. भिकाजींपुढे ‘आबा’ लावायचा मोह तिनं आवरला, कारण वरच्या आळीत सात आबा आहेत. चार वाजता साठ मेसेज गेले आणि साठही पोचले.

मेसेजचा मजकूर तिनं वाचला नाही. तो तिच्या कामाचा भाग नव्हता. ‘शिवार मुक्काम’चे मालक राजेंद्र यांना सुटीत कुटुंबं यायला हवी होती, म्हणून त्यांनी बुधवारी दुपारीच त्यात एक शब्द वाढवून घेतला होता.

सव्वाचारला आबांचा फोन आला. “पोरी, मान राखलास. लगीन आमच्याच घरचं हाय. समद्यांना घिऊन येतो.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“ल्हिलंय की. ‘आपले सहकुटुंब आगमन निश्चित झाले आहे.’ साठी घरांना तसंच आलंय.”

पाच वाजता गोरख बायकोला, सरूबाईंना, घेऊन महिपतींच्या अंगणात आला. त्याच्या मोबाइलवर आबांनी पुढे पाठवलेला मेसेज होता.

“महिपतीभाऊ, आमाला पाच आले, पन एकट्यालाच बोलावलंय. हिनं काय घरी बसायचं?”

“चुकून झालंय, गोरख.”

“चुकून झालंय म्हनता, मग खालच्या आळीचं चुकून का न्हाई झालं?” सरूबाईंनी विचारलं. त्यांच्या मागं फाटकातून आणखी दहा-बारा जण आत येत होते.

महिपतींनी तळेगावला फोन लावला. प्रेरणानं एकशे बावन्न ओळींची फाइल तयार केली आणि ती निलेशकडे गेली. बटण अजून चालूच होतं. पण राजेंद्र यांनी मजकुरात आणखी एक बदल करून घेतला आहे, असं निलेशनं पावणेसहाला तिला सांगितलं. तो बदल काय आहे, हे सहा वाजेपर्यंत समजलेलं नव्हतं.