मधूकाका मुलाखत घेतात

आमच्या पोलादपुरात नोकरीच्या मुलाखतीची तयारी एका काळ्या कापडासमोर बसून करायची पद्धत होती. कापडाखाली मधूकाकांचं डोकं असायचं. बाहेर दिसायचे ते फक्त त्यांचे पाय, पायांतल्या रबरी चपला आणि जुन्या लाकडी कॅमेऱ्याची गोल काच. त्या काचेमागून आवाज यायचा, "नाव सांगा. पूर्ण सांगा. आणि पाय हलवू नका. हललात की गेलात!"

मधूकाका म्हणजे एसटी स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओचे मालक. आमची मागची पडवी आणि त्यांच्या डार्करूमची खिडकी समोरासमोर, त्यामुळे मी त्यांना लहानपणापासून पाहत आलेली. चारचौघांत बोलायला गेले की त्यांची जीभ पहिल्याच अक्षराला अडायची. मग ते बोलणंच टाळायचे. बाजारात भेंडीवर बोट ठेवायचे आणि पावकिलो हाताने दाखवायचे. आमच्या घरात मात्र अडखळत का होईना, भरपूर बोलायचे. लग्न का केलं नाहीत, असं आईने एकदा विचारलं, तर म्हणाले, "मुलगी ब-बघायला गेलेलो ना वहिनी. ना-नाव काय म्हणून विचारायला घेतलं. माझं विचारून होईपर्यंत पोहे गार झाले." आणि स्वतःच मोठ्याने हसले. आईही हसली, पण त्यांच्यापुढे तिने पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

गंमत अशी की कापडाखाली शिरले की हेच मधूकाका अस्खलित बोलायचे. लोकांची तोंडं दिसली नाहीत की जीभ मोकळी होते, असं त्यांचं म्हणणं. तो लाकडी कॅमेरा त्यांच्या वडिलांचा, कधीचा बंद पडलेला. फोटो ते जपानी कॅमेऱ्यानेच काढायचे. पण अर्जाला लावायचा फोटो काढायला कुणी आलं, की "क-कसली नोकरी?" एवढं विचारून हाताने खुर्चीकडे खूण करायचे आणि सरळ कापडात शिरायचे. मुलाखत झाल्याशिवाय फोटो नाही. गिऱ्हाइकाची एसटी चुकली तरी चालेल.

प्रश्न तरी कसले! "ही खुर्ची तुम्हाला दिली तर काय कराल?"

"बसेन," मी म्हणाले होते.

"चूक. आधी थँक्यू, मग खुर्ची. पुढचा प्रश्न. पोलादपुरात पोलाद मिळतं काय?"

"नाही."

"मग नाव कसं पडलं?"

"माहीत नाही."

"असं तोंड पाडून नाय सांगायचं! माहीत नसेल तर मान वर करून सांगायचं. न माहीत असणं हा काय गुन्हा हाय?"

मी तेव्हा महाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले होते. केमिस्ट्री घेऊन. आमच्या आळीत एवढं शिकलेली मुलगी मीच. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती, आणि महाडच्या एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यातून मला लॅबसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबा म्हणाले, "एकदा जाऊन ये. झालं तर झालं. नाहीतर जूनमध्ये लग्न उरकू." बाबा वाईट नव्हते. आमच्याकडे मुलीने नोकरीला जाणं कुणी पाहिलेलंच नव्हतं, एवढंच.

हे ऐकल्यावर मधूकाकांनी स्टुडिओच्या दारावर 'जेवायला गेलो आहे' ही पाटी लावली आणि भरदुपारी माझी मुलाखत सुरू केली. पुढे रोज दुपारी तेच. दार वाजवून आत येण्यापासून सुरुवात. दार उघडं असलं तरी वाजवायचं. कधी ते कडक साहेब व्हायचे, कधी जांभया देणारे साहेब, तर कधी एकही प्रश्न न विचारता नुसते बघत बसणारे साहेब. हे शेवटचे फार भयंकर. कापडाखालून काही आवाज नाही, आणि मी त्या काचेकडे बघत घामाने निथळतेय. बऱ्याच वेळाने आतून यायचं, "बघ, नाय हललीस. शाब्बास!"

मुलाखतीच्या दिवशी बाबांना रजा मिळाली नाही. सकाळी दारात मधूकाका हजर. अंगात स्टुडिओतला कोट! हा कोट म्हणजे सगळ्या पोलादपूरच्या पुरुषांनी फोटोपुरता घातलेला. फोटोत छातीपर्यंतच दिसायचं, म्हणून त्याला खालची बटणंच नव्हती. वर इलॅस्टिकचा टाय. मे महिन्यातला उकाडा, आणि काका टायची गाठ सारखी करत म्हणाले, "च-चल."

महाडच्या अलीकडे एक टँकर रस्त्यात आडवा झालेला होता. गाड्यांची रांग वळणापलीकडे गेलेली. आमची एसटी बंद करून ड्रायव्हर झाडाखाली जाऊन बसला. काकांनी घड्याळ बघितलं, माझा हात धरला आणि आम्ही रांगेच्या कडेकडेने चालायला लागलो. टँकरच्या पलीकडे कारखान्यावरून वरंधकडे निघालेला दुधाचा टेंपो मिळाला. रिकामे कॅन धरून आम्ही मागे उभे. माझी साडी धुळीने माखली, वेणी सुटली. काकांचा कोट वाऱ्याने फडफडत होता. कारखान्याच्या गेटवर पोचलो तेव्हा वेळ टळून गेली होती.

वॉचमनने काकांचा कोट बघून आधी सलाम ठोकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मुलाखतीला? आता नाय सोडता येणार. सगळे आत गेले."

"रस्त्यात टँकर आडवा..."

"सगळे तेच सांगतात, ताई."

गेटवर ट्रकवाले उभे होते, चहावाला होता, पाळी सुटलेले कामगार होते. सगळे बघत होते. मी मागे वळणार, एवढ्यात काका पुढे झाले. भर गर्दीत, उघड्या तोंडाने.

"ति-ति-तिची..." शब्द अडला. काकांची मान ताठ झाली, कपाळावरची शीर फुगली. "तिची चूक नाय."

एक ट्रकवाला फिस्सकन हसला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"र-र-रस्ता बंद हाय. फो-फोन करून खात्री करा. सा-सायबांना विचारा. त्यांनी ना-ना-नाय म्हटलं तर आम्ही जातो. पण तु-तुम्ही नाय म्हणू नका."

एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. हसणारा ट्रकवाला मध्येच कधीतरी गप्प झाला होता. वॉचमनने फोन उचलला, आत काहीतरी बोलला आणि गेट उघडलं. "जा ताई. डावीकडचं ऑफिस."

मी साडी झटकली आणि गेले. दार उघडंच होतं. मी ते वाजवलं. समोर तीन साहेब. मधल्याने टायट्रेशनबद्दल विचारलं, ते मी धडाधड सांगितलं. मग त्याने एका यंत्राबद्दल विचारलं, जे आमच्या कॉलेजात कुणी पाहिलेलंच नव्हतं. मी मान वर करून म्हणाले, "माहीत नाही सर. पण दाखवलंत तर शिकेन." तो नुसताच बघत राहिला, काही बोलेना. मीही हलले नाही. शेवटी तो हसला आणि म्हणाला, "गेटवर आमच्या वॉचमनला वठणीवर आणलं ते कोण? वडील?"

"काका," मी म्हणाले. "त्यांनीच माझी तयारी करून घेतली."

बाहेर आले तर काका चहाच्या टपरीवर बसले होते. कोट मांडीवर घडी करून ठेवलेला. मघा हसलेला ट्रकवाला त्यांच्यासाठी चहा मागवत होता.

मला नोकरी लागली. लग्नाचा विषय बाबांनी आपणहून पुढे ढकलला. इतकंच नाही, वर्कशॉपमध्ये पेढे वाटताना "आमची सुनंदा" म्हणून त्यांचा आवाज एवढा चढला, की डेपो मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. मी ॲप्रन घालून लॅबमध्ये उभी राहू लागले. रोज सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी.

एका सुट्टीच्या दिवशी मी स्टुडिओत सहज बसले होते. मुंबईहून गावी आलेला कुणीतरी फोटोसाठी खुर्चीवर बसला होता. अनोळखी माणूस. काकांनी नेहमीसारखी मान वर करण्याची खूण केली नाही. कॅमेरा खाली ठेवला, माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "ही आ-आमची सुनंदा. म-महाडला असते. ल-ल-ल..."

"लायब्ररीत?" गिऱ्हाइकाने मदत केली.

काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. घाई नव्हती त्यांना. डोळे मिटले नाहीत, मान खाली घातली नाही. बाहेर एक एसटी स्टँडवर येऊन लागली, माणसं उतरली, गलका झाला आणि ओसरला. गिऱ्हाईक थांबलं. मीही थांबले.

"लॅबोरेटरीत," काका म्हणाले. "केमिस्ट हाय."