नवमीचा अर्धा अपडेट

पूजेला बसणाऱ्या मशीनवर काम बाकी असता कामा नये, हा नानासाहेबांचा नियम. चाकणच्या प्रेसशॉपमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं फोरमनकी केली. तेवढ्या खंडेनवम्यांत एकही मशीन अडलेलं पूजेला बसलं नाही. (शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या खेपेला. पण मशीन दाखला मागत नाही.)

या नवमीला त्यांनी पिंपळे सौदागरच्या घरातला मिक्सर पुसला, शिलाई मशीनला तेल दिलं आणि सुनेच्या, म्हणजे उत्कर्षाच्या लॅपटॉपकडे वळले. त्यात लिनक्स होतं. पडद्यावर पाटी होती: दोनशे चौदा अपडेट बाकी.

"एवढं काम तुंबवून पूजा?" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

पट्टी निम्म्यावर आली तोच त्यांच्या बायकोनं, छबूबाईंनी, आतून हाक दिली, "अवो, मुहूर्त टळतोय."

पूजेला मशीन बंद हवं. नानांनी बटण दाबून धरलं, लॅपटॉप बंद पाडला आणि त्यावर हळदकुंकू, झेंडू वाहिला.

उत्कर्षा अंघोळीहून आली, लॅपटॉप उघडला आणि जागच्या जागी बसली.

"नाना, काय केलंत तुम्ही?"

"सर्व्हिसिंग."

साडेअकराला तिला घरूनच डेमो द्यायचा होता. कॅमेऱ्यापुढे पार्ट धरला की चांगला की रिजेक्ट, हे सांगणारा प्रोग्राम. डेमो जमला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. पावणेअकरा झाले होते आणि प्रोग्राम उघडेना.

"आतली निम्मी पॅकेजं, म्हणजे सुटे भाग, नवी झालीत, निम्मी जुनीच राहिलीत," ती म्हणाली. "एकमेकांना बसत नाहीत."

बत्तीस वर्षांत नानासाहेबांनी लाइन बंद पाडली नव्हती. पाडली ती घरात, सुनेची.

"म्हंजी नट इंची आन् बोल्ट मिलिमीटरचा," ते हळूच म्हणाले.

"तसंच."

"मग ठोकून बसवू न्हाई. माप एक कर."

उत्कर्षा नेमकी ठोकूनच बसवत होती. तिने हात आवरला. आधी अर्धा राहिलेला अपडेट पुरा केला. तरी प्रोग्राम रुसलेलाच. त्याला कॅमेऱ्याचं एक पॅकेज जुनंच हवं होतं. तेवढं जुनं आणून बसवलं आणि पुन्हा आपोआप बदलू नये म्हणून ते जागेवर अडकवून ठेवलं. अकरा अठ्ठावीसला प्रोग्राम उघडला.

"याला अनुभव म्हनत्यात," नाना छबूबाईंना म्हणाले.

"मोडलं कुनी, त्याला काय म्हनत्यात?"

डेमो सुरू झाला. चांगल्या पार्टला हिरवी चौकट आली, वाकड्याला लाल. पडद्यावरचे साहेब ढिम्म. "हे तर तुम्ही शिकवलेले पार्ट. काहीतरी नवं दाखवा."

आपली दुरुस्ती नीट चालतेय का, हे पाहायला नाना तेवढ्यात सुनेच्या मागे येऊन उभे राहिले. छाती पुढे काढून.

त्यांच्या टकलाभोवती लाल चौकट उमटली. *रिजेक्ट. पृष्ठभाग झिजलेला. खात्री नव्व्याण्णव टक्के.*

पडद्यावरचे साहेब चाचरत म्हणाले, "या निकालाला घरच्यांची काही हरकत?"

"हरकत कसली," छबूबाई दारातून म्हणाल्या. "मला ह्ये कळायला चाळीस वर्सं लागली."

डेमो तिथंच पास झाला.