आठ दिवस ठेवा

आमच्या वाबळे अण्णांच्या हातात काहीही द्यायला जा, ते आधी खिडकीचा गज धरतात. खिडकी नसेल तर नळ. नळही नसेल तर तुम्हाला ताटकळत ठेवून लोखंड शोधत फिरतात. माझ्या मुलीच्या बारशाला बाळ मांडीवर घ्यायची वेळ आली, तेव्हा हा गृहस्थ उठून मोरीत गेला, नळाला दोन्ही हात लावून आला आणि मग त्याने हात पुढे केले. माझ्या आईला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी करताहेत.

"अंगातली वीज उतरवून आलो, मावशी," अण्णा म्हणाले. "नाजूक वस्तूला तसाच हात लावायचा न्हाई."

नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघे बरोबर होतो. मी स्टोअर सांभाळायचो, अण्णा इलेक्ट्रिशियन. मूळचे देवळाली प्रवऱ्याचे. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेब लोक त्याच्यापासून हातभर लांब उभे राहायचे. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी त्याची पेटी उघडली, कारण आत काय आहे ते कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागेना. तेव्हापासून ते कारखान्याचे कॉम्प्युटरवाले झाले.

त्या काळी मेमरी वाढवायची म्हणजे हाताचं काम होतं. शेंगेएवढे काळे आयसी, दोन्ही बाजूंना पायच पाय. एकेक आयसी खाचेत धरून अंगठ्याने दाबायचा. एक पाय जरी दुमडला तरी मशीन मुकं. दुमडलेला पाय सरळ करायला अण्णा बायकोचा भुवयांचा चिमटा वापरत. आणि मेमरी ते बसवत नसत, वाढत असत, पंगतीत भात वाढावा तशी. "थोडी वाढतो अजून," म्हणायचे, "बिचारं उपाशी हाय."

पुढे कारखान्यात नवीन मशीनं आली आणि जुनं अण्णांनी घरी नेलं. शकूवहिनींना त्याचा राग यायला हवा होता. नवरा संध्याकाळी घरी येऊन पडद्याकडे तोंड करून बसायचा आणि दूध उतू गेलं तरी त्याला वास यायचा नाही. वहिनी सातवी शिकलेल्या, पण हुशार बाई. नवरा पडद्याकडेच बघतो ना, मग पडद्यावरच बोलू, असं त्यांनी ठरवलं. इंग्रजी अक्षरं एका बोटाने दाबत त्या मराठीत तक्रारी लिहू लागल्या. माझा चिमटा परत करा. गॅस संपला हे दोनदा सांगितलं. काल माझ्या भावाशी एक शब्द बोलला नाहीत. प्रत्येक तक्रारीखाली एकच शेवट असायचा, "वाचलं की सांगा." अण्णा वाचायचे आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून मोठ्याने म्हणायचे, "वाचलं गं." मी चहाला गेलो असताना हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. इतका सुरळीत संसार आमच्या सबंध कॉलनीत दुसरा नव्हता.

आता माझ्याकडे येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

अण्णांना नवा कंट्रोलर मिळाला होता. कंट्रोलर म्हणजे डिस्कवर लिहिणारं आणि लिहिलेलं वाचणारं कार्ड. नव्या कार्डाने वेग दुप्पट होईल म्हणून अण्णा हरखून गेले होते. मशीन कारखान्यात आणण्यासाठी ते बांधायला लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या, कालचं वाचायचं राहिलंय, तेवढं वाचा आणि मग न्या. अण्णा म्हणाले, वेग वाढला की भराभर वाचतो.

सुट्टीच्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी कार्ड बदललं, वर थोडी मेमरीही वाढली. मशीनने मेमरी मोजून दाखवली आणि तेवढ्यात लाईट गेली. डिस्क तपासायची राहिली. जुनं कार्ड त्यांनी माझ्या कपाटात ठेवलं. त्याला तारेने चिठ्ठी बांधली होती, "आठ दिवस ठेवा". दुसऱ्या दिवशी ते पुतणीच्या लग्नाला देवळालीला गेले.

तिसऱ्या दिवशी वरचे साहेब स्टोअर बघायला येणार होते. मला कपाटं मोकळी आणि चकाचक दिसायला हवी होती. चिठ्ठी मी वाचली होती. वाचून ती सोडली, कार्डाला "निकामी" अशी माझी पट्टी लावली आणि भंगाराच्या टेम्पोत टाकलं. साहेबांनी माझं कौतुक केलं.

अण्णा लग्नाहून परतले, मशीन लावलं, तर डिस्कवरचं काहीच दिसेना. दोष कोणाचाच नव्हता. त्या काळी एका कंपनीच्या कार्डाने लिहिलेलं अक्षर दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला लागायचं नाही. जुनं कार्ड परत लावलं की झालं. ते पळत माझ्याकडे आले. मी म्हणालो, कार्ड भंगारात गेलं, चिठ्ठी बहुतेक पडली असेल अण्णा, मला कसं कळणार? घरी जाऊन त्यांनी वहिनींना विचारलं, काय लिहिलं होतंस? वहिनी रुसल्या होत्या. म्हणाल्या, काही विशेष नव्हतं.

पुढच्या वर्षी वहिनी गेल्या. मूत्रपिंडाचं दुखणं होतं आणि ते फार उशिरा कळलं.

त्यानंतर अण्णांनी त्या मशीनमध्ये काही वाढलं नाही. नवी डिस्क घ्या म्हणून लोकांनी सांगितलं, जुनीच पुसून वापरा म्हणून सांगितलं, ते ऐकेनात. दर खंडेनवमीला डिस्कला झेंडूचा हार घालून नुसती फिरवायचे, म्हणजे ती जाम होऊ नये. हरवलेल्या कार्डाचा नंबर त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. मला तो पाठ झाला. नगरच्या भंगाराच्या दुकानांत मी किती वर्षं तो शोधला, हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात नेवाशाला एक जुनी टायपिंगची इन्स्टिट्यूट बंद होत होती. तिथल्या बाईंनी अडगळीतलं मशीन मला उघडून बघू दिलं. आत तोच नंबर होता.

कार्ड घेऊन मी थेट अण्णांकडे गेलो. वाटेत ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. दारातच म्हणालो, अण्णा, ती चिठ्ठी पडली नव्हती.

"ठाव हाय, भाऊसाहेब," अण्णा म्हणाले. "तारेनं बांधली हुती. पडंल कशी?"

एवढी वर्षं त्यांना माहीत होतं. एवढी वर्षं ते मला चहा पाजत होते. मला रडू आलं आणि त्याची मला लाजही वाटली नाही. अण्णांनी माझा हात धरून खिडकीच्या गजावर ठेवला आणि म्हणाले, आधी उतरवून घ्या, मग द्या कार्ड. कार्ड त्यांनीच बसवलं. इतक्या वर्षांनीही अंगठा बरोबर जागी पडला.

डिस्क बराच वेळ नुसती घरघरली. मग पडद्यावर हिरव्या अक्षरांत फाईलींची यादी आली. अण्णांनी सगळ्यात शेवटची उघडली. ओळी चारच होत्या, मीही वाचल्या. पाठीत फार दुखतं. पायाला सूज येते. तीनदा सांगितलं, तुम्ही हूं म्हणालात. वाचलं की सांगा.

डोक्यावरचा पंखा फिरत होता. बाहेर भाजीवाला कोणाशी तरी बोलत होता. माझी मान वर होईना. माझ्या त्या चकाचक कपाटाची मला शिसारी आली.

अण्णा उठले. खिडकीपाशी जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी गज धरला. मग परत आले, तळहात अलगद पडद्यावर ठेवला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून मोठ्याने म्हणाले, "वाचलं गं."