वकीलसाहेबांच्या गालावरचा तारा

"सापडला! अगं, सापडला!"

स्टुडिओच्या आतल्या खोलीतून फोटोग्राफरची ही आरोळी आली तेव्हा बाहेर स्टुलावर वकीलसाहेब पासपोर्टच्या फोटोसाठी मान ताठ करून बसले होते. ते दचकले, त्यांचे डोळे मिटले आणि नेमका त्याच क्षणी फ्लॅश पडला. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, गिऱ्हाईक बसलंय! काय सापडलं? चष्मा?"

"नोव्हा!"

"मला कोर्टात उशीर होतोय," वकीलसाहेब म्हणाले.

"जा तुम्ही. डोळे मी उघडते नंतर," बायको म्हणाली. स्टुडिओत फोटो साफ करायचं काम तिचं. मुरमं, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं ती कॉम्प्युटरवर असं घालवायची की गिऱ्हाइकाला घरचे ओळखायचे नाहीत.

नोव्हा म्हणजे एरवी कुणाच्या नजरेत न भरणारा तारा, जो एकाएकी भडकून उजळतो. तो जगात सगळ्यांत आधी आपल्याला दिसावा आणि नोंदीत आपलं नाव लागावं, एवढीच या फोटोग्राफरची इच्छा. दुसरं काही म्हणून नको. बायको स्टुडिओतला विटका पडदा बदला म्हणून कानीकपाळी ओरडत होती, तोही नको. डोक्यावर केस होते तेव्हापासून हा गृहस्थ स्टुडिओचा कॅमेरा गच्चीवर नेऊन आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो काढत होता आणि सकाळी ते जुन्या फोटोंशी ताडून पाहत होता. शेजाऱ्यांना त्यातलं एवढंच कळे, की जेवणं आटोपून जरा बसावं तर वरून कुणीतरी 'दिवा घालवा हो!' म्हणून खेकसतं. गल्लीत त्यांना गच्चीवाले म्हणत.

महिनाभर ढगांनी पिडलं होतं. काल कुठे आकाश मोकळं झालं, आणि आज हा ठिपका! जुन्या फोटोत तिथे नुसता काळोख होता. शहाण्या माणसाने अशा वेळी पाणी प्यालं असतं आणि उरलेला फोटोही शांतपणे पाहिला असता. गच्चीवाल्यांनी तो थेट मास्तरांना पाठवला. मास्तर म्हणजे त्यांच्या आकाशमंडळाचे अध्यक्ष, निवृत्त भूमितीशिक्षक. त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून ठिपक्याकडे रोखलेला एक लाल बाणही फोटोवर काढून दिला. चांगला जाडजूड, शाळेच्या पाटीवर शोभेल असा.

वकीलसाहेबांनी जाता जाता गल्लीभर सांगितलं. दुपारपर्यंत शिंपी, दवाखान्यातल्या नर्सबाई, ज्यांचे दिवे घालवले ते सगळे येऊन अभिनंदन करून गेले. गच्चीवाले खुर्चीत रेलून "नाही हो, नशीब," असं म्हणत होते आणि नशिबावर आपला काडीचाही विश्वास नाही हे चेहऱ्यावर दाखवत होते.

"अहो, जरा इकडे या," आतून बायकोची हाक आली.

"आत्ता नको. मास्तरांचा फोन यायचाय."

"या म्हणते ना! वकीलसाहेबांच्या गालावर तुमचा तारा उगवलाय."

गच्चीवाले आत गेले. वकीलसाहेबांच्या डाव्या गालावर एक पांढरा ठिपका लुकलुकत होता. बायकोने शेजारी रात्रीचा फोटो लावला. वरच्या कडेपासून तेवढाच, डाव्या कडेपासून तेवढाच, तोच ठिपका.

"महिना होत आला," ती म्हणाली. "रोज सगळ्यांच्या गालावरून पुसतेय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! म्हटलं, कॅमेऱ्याला काहीतरी झालंय. तुम्ही वर न बघता म्हणालात, पुसून टाक."

मास्तरांचा फोन आला तो न उचलून भागणार नव्हतं. गच्चीवाल्यांनी खरं काय ते सांगितलं. मास्तर तिकडून कडाडले, "अरे, मी सगळ्या सभासदांना कळवून बसलो! आता काय सांगू, वकिलाचा गाल म्हणून?" बरंच बोलून दमल्यावर ते म्हणाले, "असो. तेवढा डाग काढून फोटो छापून दे. मंडळाच्या भिंतीला ओल आलीय, तिथे लावू. झाकली तरी जाईल."

गच्चीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुसून टाक!" ते बायकोवर ओरडले. "एकही डाग राहता कामा नये. पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही मला!"

तिने पुसलं. नेहमीच्या सवयीने मूळ फोटोच्या जागी साफ केलेला ठेवून दिला. कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं करून गच्चीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी त्यात शाळेचा ग्रुप फोटो काढला. आकाश पुन्हा भरून आलं होतं. आलं तर आलं, ते म्हणाले.

आणि चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन.

"अरे, नोव्हा सापडला!"

"सर, पुरे आता थट्टा."

"थट्टा नाही रे! कुणी परदेशातल्या बाई आहेत. तुझाच तुकडा आकाशाचा. त्यांनी मंगळवारी फोटो काढला. तू कधी काढलास?"

"सोमवारी," गच्चीवाले म्हणाले.

धावत जाऊन त्यांनी फोटो उघडला. मास्तरांनी सांगितलेल्या जागी काळोख होता. छान, गुळगुळीत, एकसारखा काळोख.

"इथे काही होतं?"

"होतं की," बायको म्हणाली. "दोन डाग होते. एक गालावरचा, आणि त्याच्या जरासा खाली दुसरा."

"अगं बाई, तो तारा होता! एवढ्या हजारो ताऱ्यांतून तुला तोच बरा दिसला पुसायला?"

"उगाच नाही पुसला! तुमचा जुना फोटो शेजारी घेऊन एकेक ठिपका ताडून पाहिला. जो जुन्यात नव्हता, तो काढला."

गच्चीवाले मटकन खाली बसले. जे करायला त्यांनी उभा जन्म घालवला, ते हिने दुपारच्या चहाआधी उरकलं होतं. मग ते उठले आणि वाटेल ते बोलले. डोळे फुटले होते का, अक्कल गहाण टाकली होती का, सगळं. बायको वकीलसाहेबांचे फोटो कापत राहिली.

बोलता बोलता ते एकदम थांबले. "मास्तरांकडे! मास्तरांकडचा फोटो पुसायच्या आधीचा आहे!" त्यांनी फोन लावला. "सर, मी पाठवलेला फोटो उघडा! ठिपक्याच्या खाली बघा, जरासं खाली!"

"थांब, चष्मा लावू दे. हं. गाल दिसला."

"त्याच्या खाली, सर! काय आहे?"

मास्तरांनी फोटो मोठा करून पाहिला.

"बाण आहे," शेवटी ते म्हणाले. "केवढा रे काढलास!"

गच्चीवाल्यांनी फोन ठेवला. आता बायको काय ऐकवेल ते निमूट ऐकायचं, असं ठरवून ते मान खाली घालून उभे राहिले. त्यांना खरोखर रडू येत होतं. तिने कात्री बाजूला ठेवली, त्यांच्याकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरपुढची खुर्ची ओढली.

"मागवा तो फोटो. बाण काढून देते."

"त्याच्याखालचं आता कुठून येणार गं?"

"वकीलसाहेबांचे डोळे कुठून आले?" ती म्हणाली. "सांगा, तारा केवढा हवाय?"